सुईने पोचवलेली उष्णता : अर्बुदांवरील रेडिओलहरी आणि सूक्ष्मलहरी उपचारांचा आढावा

अर्बुद शस्त्राने कापून बाहेर काढण्याऐवजी बारीक सुईच्या टोकाशी उष्णता निर्माण करून ते शरीरात जागच्या जागीच नष्ट करण्याची पद्धत गेल्या तीन-साडेतीन दशकांत वैद्यकात रुळली आहे. तिला ॲब्लेशन म्हणतात. मेलेली ऊती बाहेर काढली जात नाही. ती आतच आक्रसत जाते आणि तिच्या जागी व्रणासारखी तंतुमय ऊती उरते. पोट उघडावे लागत नाही, टाके पडत नाहीत आणि रुग्ण बहुधा दुसऱ्या दिवशी घरी जातो, म्हणून ही पद्धत जिथे मोठी शस्त्रक्रियागृहे नाहीत अशा मुलखाला विशेष सोयीची ठरावी असे कोणालाही वाटेल. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यातल्या हेमलकशासारख्या ठिकाणाहून हा विषय पाहिला की या समजुतीची दुसरी बाजू दिसते. सुई लहान असली तरी तिच्यासाठी गाठही लहान असावी लागते. लहान गाठ सहसा दुखत नाही, आणि जी दुखत नाही ती कोणीतरी मुद्दाम शोधल्याखेरीज सापडत नाही. त्यामुळे उष्णतेने गाठ मारता येते का, या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी मिळालेले असले, तरी ती उष्णता वेळेवर कोणापर्यंत पोचते, हा प्रश्न वेगळाच राहतो.

पेशी किती उष्णता सोसते याचा हिशोब तापमान आणि वेळ या दोहोंवर बसतो. ४२ ते ४५ अंश सेल्सिअसला पेशी लगेच मरत नाहीत, पण किरणोत्सार व औषधे यांना त्या अधिक सहज बळी पडतात. ४६ अंशांना सुमारे तासभर ठेवल्यास त्यांची हानी भरून येण्यापलीकडे जाते. ५० ते ५२ अंशांना त्यासाठी चार-सहा मिनिटे पुरतात, आणि ६० अंशांच्या पुढे प्रथिने गोठून पेशी जवळजवळ तत्क्षणी मरते. १०० अंशांच्या वर मात्र ऊतीतील पाण्याची वाफ होते आणि ऊती कोळपते. म्हणून ॲब्लेशनचे उद्दिष्ट असे असते की संपूर्ण गाठ आणि तिच्याभोवतीची पाच ते दहा मिलिमीटर निरोगी ऊती ५० ते १०० अंशांच्या दरम्यान काही मिनिटे राहावी. भोवतालची ही निरोगी किनार वैद्यांना हवी असते, कारण गाठीच्या दिसणाऱ्या सीमेबाहेरही तिच्या पेशींची बारीक मुळे पसरलेली असू शकतात.

या किनारीचे साधे गणित मांडले की पद्धतीची मर्यादा लगेच लक्षात येते. ३ सेंटिमीटर व्यासाच्या गोल गाठीचे घनफळ सुमारे १४ घनसेंटिमीटर भरते. तिच्या सर्व बाजूंनी १ सेंटिमीटरची किनार धरली तर ५ सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे सुमारे ६५ घनसेंटिमीटरचा गोल भाजावा लागतो. गाठ तीनाची पाच सेंटिमीटर झाली तर हाच गोल १८० घनसेंटिमीटरच्या घरात जातो. गाठीचा व्यास दोन सेंटिमीटरने वाढला की काम जवळजवळ तिपटीने वाढते आणि त्याच प्रमाणात कुठेतरी एखादा कोपरा न भाजता राहून जाण्याची शक्यताही वाढते.

उच्च वारंवारतेच्या विजेने शरीर तापवता येते आणि तरीही स्नायू आक्रसत नाहीत किंवा झटका बसत नाही, हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्सेन दार्सोनव्हाल यांनी १८९१ मध्ये दाखवले. घरातल्या विजेची दिशा सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते आणि ती मज्जातंतूंना चेतवते. सेकंदाला दहा हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारा प्रवाह मज्जातंतूंना तसा चेतवत नाही. १९२६ मध्ये बोस्टनमध्ये मेंदूचे शल्यविशारद हार्वे कुशिंग आणि विल्यम बोव्ही यांनी याच तत्त्वावरचे यंत्र शस्त्रक्रियेत वापरले आणि तेव्हापासून रक्तस्राव थांबवणारी ‘कॉटरी’ जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत आली. हेच तत्त्व त्वचेतून यकृतात शिरवलेल्या सुईला लावण्याची कल्पना १९९० मध्ये अमेरिकेत मॅकगॅहन आणि इटलीत रॉसी यांच्या गटांनी स्वतंत्रपणे प्राण्यांवरील प्रयोगांतून मांडली, आणि पुढच्या तीनेक वर्षांत ती माणसांवर वापरली गेली. दरम्यान, १९९२ मध्ये बोस्टनच्याच रोझेन्थाल यांनी ऑस्टिऑइड ऑस्टिओमा या हाडातल्या लहानशा, पण रात्रभर झोपू न देणाऱ्या सौम्य गाठीवर हा उपाय केल्याचे प्रसिद्ध केले. आज या गाठीसाठी हाड खरवडून काढणारी शस्त्रक्रिया मागे पडली आहे आणि सुईच पहिला उपाय मानली जाते.

रेडिओलहरींच्या पद्धतीत रुग्णाचे शरीर विद्युत्मंडलाचाच एक भाग बनते. सुमारे ४६० ते ५०० किलोहर्ट्‌झचा प्रवाह सुईच्या उघड्या टोकातून ऊतीत शिरतो, शरीरातून जातो आणि मांड्यांवर चिकटवलेल्या पट्ट्यांतून यंत्राकडे परततो. प्रवाहाची दिशा बदलत राहते तसे ऊतीतील विद्युत्भारित कण पुढेमागे हेलकावतात आणि त्या घर्षणातून उष्णता उपजते. याचा अर्थ सुई स्वतः तापत नाही, तिच्याभोवतीची ऊती तापते. हे तापणे सुईपासून दूर जाताना फार झपाट्याने घटते, म्हणून थेट तापणारा भाग काही मिलिमीटरांचाच असतो आणि बाकीची उष्णता ऊतीतून हळूहळू झिरपत बाहेर जाते. साध्या एका सुईने जेमतेम दीड सेंटिमीटर व्यासाचा भाग भाजला जातो. शिवाय टोकाजवळची ऊती कोळपली की तिचा विद्युत्रोध वाढतो आणि प्रवाहच अडतो. घाईने शक्ती वाढवणाऱ्याला त्यामुळे उलट कमी फळ मिळते. यावर सुईच्या आतून थंड पाणी खेळवणे, छत्रीच्या काड्यांसारखे फाटे गाठीत पसरवणे किंवा दोन-तीन सुया एकत्र वापरणे असे उपाय निघाले. मांडीवरच्या पट्ट्या नीट चिकटल्या नाहीत तर परतीचा प्रवाह एका कडेला एकवटून तिथली कातडी भाजते, म्हणून मांडीवरचे केस काढणे आणि पट्ट्या सारख्या अंतरावर लावणे ही परिचारिकेची कामे वैद्याच्या सुईइतकीच महत्त्वाची असतात.

सूक्ष्मलहरी, म्हणजेच मायक्रोवेव्ह, यांची रीत निराळी आहे. इथे सुईच्या रूपातला अँटेना ९१५ मेगाहर्ट्‌झ किंवा २.४५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी ऊतीत सोडतो आणि पाण्याचे रेणू त्या लहरींच्या तालावर सेकंदाला अब्जावधी वेळा फिरण्याची धडपड करताना तापतात. यातली दुसरी वारंवारता स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हचीच आहे, आणि तिथे वाटीतला भात तापतो त्याच कारणाने इथे गाठ तापते. प्रवाह शरीरातून वाहवावा लागत नसल्यामुळे मांडीवरच्या पट्ट्या लागत नाहीत, ऊती कोळपली तरी लहर अडत नाही, अनेक अँटेना एकाच वेळी चालवता येतात आणि तापमान लवकर चढते. हवेने भरलेल्या फुप्फुसात, जिथे रेडिओलहरींचा प्रवाह नीट वाहत नाही, तिथेही या लहरी काम करतात. जपानमध्ये ताबुसे यांनी १९७९ मध्ये यकृताच्या शस्त्रक्रियेसाठी सूक्ष्मलहरींचे साधन मांडले होते आणि १९९४ मध्ये सेकी यांच्या गटाने ते त्वचेतून यकृताच्या कर्करोगावर वापरल्याचे प्रसिद्ध केले. म्हणजे ही पद्धत नवी म्हणून खपवली जात असली तरी वयाने रेडिओलहरींच्या सुईहून फारशी लहान नाही.

दोन्ही पद्धतींचा खरा प्रतिस्पर्धी रक्त आहे. हॅरी पेनेस यांनी १९४८ मध्ये माणसाच्या हाताच्या ऊतींतील तापमाने मोजून रक्तप्रवाह उष्णता कशी वाहून नेतो याचे समीकरण मांडले; ॲब्लेशनचे संगणकी आराखडे आजही त्याच समीकरणावर उभे आहेत. गाठीला लागून तीन मिलिमीटरपेक्षा रुंद रक्तवाहिनी असेल तर तिच्यातून वाहणारे ३७ अंशांचे रक्त त्या बाजूची उष्णता सतत काढून नेते आणि गाठीचा नेमका तोच कडेचा भाग जिवंत राहतो. सूक्ष्मलहरी लवकर तापवत असल्याने त्यांच्यावर याचा परिणाम कमी होतो, पण होतच नाही असे नाही.

प्रत्यक्ष उपचार सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या देखरेखीखाली होतो आणि त्याची खरी कसोटी सुई खुपसण्यात नसून सुई कुठे आहे हे पाहण्यात असते. ऊती तापू लागली की तिच्यात वाफेचे बारीक बुडबुडे उठतात आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर पांढरा ढग पसरून मागचे काहीच दिसेनासे होते, म्हणून मोठ्या गाठीत सर्वांत खोल भागापासून सुरुवात करून वर येत जावे लागते. आतडे किंवा पित्ताशय गाठीला चिकटून असेल तर दोहोंच्या मध्ये द्रव सोडून अंतर निर्माण करतात. रेडिओलहरी वापरताना हा द्रव मिठाच्या पाण्याचा असून चालत नाही, कारण मीठ वीज वाहून नेते आणि जे आतडे वाचवायचे तेच भाजते. त्यासाठी ५ टक्के डेक्स्ट्रोजचे पाणी वापरतात. शेवटी सुई बाहेर काढतानाही तिची वाट भाजत आणतात, म्हणजे रक्त वाहत नाही आणि सुईला चिकटून गाठीची एखादी पेशी वाटेत रुजत नाही. पुढचे काही दिवस रुग्णाला बारीक ताप आणि अंगदुखी राहते. तो बहुधा मेलेल्या ऊतीला शरीराने दिलेला प्रतिसाद असतो.

पुराव्याच्या दृष्टीने यकृत हे या पद्धतीचे माहेर आहे. सिरॉसिसने घट्ट झालेल्या यकृतात उद्भवणाऱ्या कर्करोगात यकृताचा तुकडा कापणे धोक्याचे असते, कारण उरलेले यकृत काम पेलेलच असे नसते. इटलीतील अनेक केंद्रांच्या २००३ मधील अहवालात २,३२० रुग्णांवरील रेडिओलहरी उपचारांत मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के आणि गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण २.२ टक्के आढळले, आणि या आकड्यांनी पद्धतीला प्रतिष्ठा मिळवून दिली. आज २ सेंटिमीटरपर्यंतच्या एकट्या गाठीसाठी ॲब्लेशन हा पहिल्या पसंतीचा उपाय मानला जातो. जपानमधील सर्फ नावाच्या चाचणीत ३ सेंटिमीटरपर्यंतच्या, जास्तीत जास्त तीन गाठी असलेल्या रुग्णांत शस्त्रक्रिया आणि रेडिओलहरी यांची तुलना झाली आणि रोग परत न उलटता जगण्याच्या काळात दोहोंत फरक दिसला नाही. ३ ते ५ सेंटिमीटरच्या टप्प्यात सुईबरोबर गाठीच्या धमनीत औषध सोडून ती बुजवण्याचा उपाय जोडतात. ५ सेंटिमीटरच्या पुढे एकट्या सुईवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या यकृतात पोचलेल्या गाठींबाबत चित्र अलीकडे अधिक स्पष्ट झाले. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या ११९ रुग्णांच्या युरोपीय चाचणीत औषधांच्या जोडीला रेडिओलहरी मिळालेल्यांपैकी आठ वर्षांनी सुमारे ३६ टक्के हयात होते, तर केवळ औषधे मिळालेल्यांपैकी सुमारे ९ टक्के. नेदरलँड्समधील ‘कोलिजन’ चाचणी याहून धाडसी होती. तिने ३ सेंटिमीटरपर्यंतच्या आणि शस्त्रक्रियेने काढता येण्याजोग्या गाठींतही ॲब्लेशनची शस्त्रक्रियेशी तुलना केली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जगण्याच्या बाबतीत ॲब्लेशन कमी पडले नाही आणि प्रतिकूल परिणाम मात्र शस्त्रक्रियेच्या निम्म्याहून कमी झाले. रेडिओलहरी श्रेष्ठ की सूक्ष्मलहरी, या वादाला मात्र तेवढे वजन नाही. यकृतातच उद्भवणाऱ्या कर्करोगावरील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत दोन वर्षांनी त्याच जागी रोग वाढण्याचे प्रमाण सूक्ष्मलहरींत ६ टक्के आणि रेडिओलहरींत १२ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. यंत्रविक्रेत्यांच्या पत्रकांत यावर जेवढी शाई खर्च होते, तेवढी ती गाठ नीट दिसण्याच्या प्रश्नावर झाली असती तर बरे झाले असते.

मूत्रपिंडाच्या ४ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी, फुप्फुसातील लहान गाठी आणि थायरॉइडच्या सौम्य गाठी यांतही सुईला मान्यता मिळाली आहे. हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या वेदना शमवण्यासाठी तिचा उपयोग होतो, तिथे रोग बरा करण्याचा दावा नसतो, झोप मिळवून देण्याचा असतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात प्रतिमांच्या आधारे सुईने उपचार करणारी इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजीची शाखा हे सर्व प्रकार हाताळते. पुण्या-मुंबईतील आणि नागपुरातील मोठ्या रुग्णालयांतही ही शाखा हळूहळू उभी राहते आहे.

तथापि कमी चिरफाड म्हणजे नेहमीच चांगला उपचार, असे समीकरण मांडणे घातक आहे, आणि गडचिरोली-चंद्रपूरच्या संदर्भात तर विशेषच. या पट्ट्यातला ओळखीचा कर्करोग तोंडाचा आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा इथे पानठेल्यापासून घरातल्या डब्यापर्यंत सर्वत्र असतो. शासन, ‘सर्च’ ही संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी २०१६ मध्ये गडचिरोलीत सुरू केलेले मुक्तिपथ अभियान त्याच्याशीच झुंजते आहे. गालातली गाठ हाताला लागते, डोळ्यांना दिसते, सुई तिथवर सहज जाते, आणि तरीही ती सुईने भाजणे हा उपचार नव्हे. या रोगाच्या पेशी मानेतल्या लसीका ग्रंथींत लवकर शिरतात. टाटा स्मारक रुग्णालयाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत तोंडाच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या टप्प्यात मानेतल्या ग्रंथी पहिल्या शस्त्रक्रियेतच काढलेल्या रुग्णांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते; गाठ वर आल्यावरच मान उघडलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के राहिले. म्हणजे इथे अधिक शस्त्रक्रिया हीच जीव वाचवणारी ठरली.

तोंडाच्या आणि घशाच्या वाढलेल्या कर्करोगात उष्णतेला जागा आहे, पण ती मंद आचेची. गाठीला ४२-४३ अंशांपर्यंत तासभर तापवून तिला किरणोपचारापुढे दुबळे करण्याच्या या पद्धतीला हायपरथर्मिया म्हणतात. मुंबईच्या नानावटी रुग्णालयात डॉ. नागराज हुइलगोळ यांच्या गटाने ती रेडिओलहरींच्या यंत्राने अनेक वर्षे चालवली. त्यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत डोके व मानेच्या वाढलेल्या कर्करोगाचे ५६ रुग्ण होते. नुसत्या किरणोपचाराने सुमारे ४२ टक्के रुग्णांत गाठ पूर्णपणे विरली, तर उष्णतेची जोड दिलेल्यांत सुमारे ७९ टक्क्यांत. जगण्याचा काळ मात्र दोन्ही गटांत महिन्यांतच मोजावा लागला, कारण रोगी उशिरा आले होते. नेदरलँड्समध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गर्भाशयमुखाच्या वाढलेल्या कर्करोगात तीन वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण अशाच जोडीने २७ वरून ५१ टक्क्यांवर गेले. एवढे होऊनही हायपरथर्मियाचा प्रसार झाला नाही, याचे कारण शरीराच्या आत तापमान सारखे राखणे आणि मोजणे किचकट आहे, आणि प्रत्येक वेळी यंत्रापाशी तासभर जाणकार माणूस लागतो. सूक्ष्मलहरींचे तंत्रज्ञान देशात नाही असेही नव्हे. मुंबईच्या ‘समीर’ या शासकीय संस्थेने याच विद्येच्या जोरावर देशी बनावटीचे किरणोपचार यंत्र विकसित केले आणि ते सेवाग्रामच्या रुग्णालयात बसले.

आता हेमलकशाकडे वळता येते. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंडांसाठी झाडाखाली सुरू केलेल्या उपचारांतून आजचा दवाखाना वाढला. पुढच्या पिढीतील डॉ. दिगंत आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अनघा आमटे तो आज पाहतात. आलापल्लीहून जंगलातून साठेक किलोमीटर आत असलेल्या या गावाच्या पुढे पर्लकोटा नदी आहे आणि तिला पूर आला की पलीकडचे भामरागड आणि त्याच्या मागची गावे तुटतात. ॲब्लेशनच्या यंत्राची वीज ही इथली अडचण नाही. त्याची शक्ती दोनशे-अडीचशे वॉटच्या घरातली असते आणि असे यंत्र टेबलावर मावते. अडचण त्याच्या आगेमागे आहे. गाठ कर्करोगाचीच आहे हे सांगणारा विकृतिशास्त्रज्ञ, ती तिन्ही मितींत दाखवणारा सीटी स्कॅन, सुई चालवणारा प्रशिक्षित हात, आणि उपचारानंतर महिनाभराने व मग दर तीन महिन्यांनी कडेचा जिवंत भाग शोधणारा पुन्हा तोच स्कॅन, या साखळीतली एक कडी सुटली तरी भाजलेल्या गाठीची शाश्वती उरत नाही. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ बाटलीत हाती येते आणि तिच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येतात. ॲब्लेशनमध्ये हातात काहीच येत नाही, म्हणून पुढची तपासणी हाच उपचाराचा उरलेला अर्धा भाग असतो. दुर्गम भागाला सोयीचा वाटणारा उपचार रुग्णाला शहराशी शस्त्रक्रियेहून अधिक काळ बांधून ठेवतो, हा यातला विरोधाभास.

यकृताबाबत तर गाठ सापडण्याचाच प्रश्न मोठा आहे. हेपटायटिस बी असलेल्या किंवा सिरॉसिस झालेल्या माणसाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी केली तरच २-३ सेंटिमीटरची गाठ हाती लागते. पोट फुगल्यावर किंवा कावीळ झाल्यावर आलेल्या रुग्णात सुईची वेळ बहुधा टळून गेलेली असते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, पण मोहाची दारू आणि चोरटी दारू यांमुळे यकृताचे आजार संपले असे कोणी म्हणणार नाही. सोनोग्राफीचे साधन तालुक्याच्या पातळीवर पोचू शकते. त्यासमोर सहा-सहा महिन्यांनी निरोगी वाटणारा माणूस बसवणे हे त्याहून अवघड काम आहे. या भागात सिकलसेलचेही बरेच रुग्ण आहेत. त्यांच्यासाठी लांब शस्त्रक्रिया, थंडी आणि पाण्याची कमतरता यांतून संकट ओढवू शकते, म्हणून थोडक्यात उरकणाऱ्या उपचाराचे मोल त्यांना इतरांहून अधिक, हेही इथे नोंदवायला हवे.

या जंगलपट्ट्यात उष्णतेचा सर्वांत मोठा उपयोग मात्र दुसऱ्याच जागी आहे, आणि तो गाठ होण्याच्या आधीचा आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग मानवी पॅपिलोमा विषाणूच्या दीर्घ संसर्गातून, बहुधा दहा-पंधरा वर्षांच्या पूर्वावस्थेनंतर होतो. ही पूर्वावस्था ३ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल लावल्यावर पांढऱ्या डागाच्या रूपाने नुसत्या डोळ्यांना दिसते. जर्मनीचे कुर्ट झेम यांनी १९६० च्या दशकात आणलेल्या साधनाची नवी रूपे बॅटरीवर चालतात आणि हातात मावतात. त्यांचे तापवलेले टोक त्या डागावर टेकवून किमान १०० अंशांना २० ते ३० सेकंद धरले की पृष्ठभागाखालचे काही मिलिमीटर भाजून पूर्वावस्था नष्ट होते. सहसा भूल लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या पद्धतीसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. यात रेडिओलहरी नाहीत, साधे तापलेले धातूचे टोक आहे, पण डाग गर्भाशयमुखाच्या तीन चतुर्थांशाहून मोठा असेल किंवा आतल्या मार्गात शिरला असेल तर जी तारेची कडी वापरून तो भाग कापून काढतात, ती कडी रेडिओलहरींच्या प्रवाहावरच चालते. यापूर्वी गोठवून नाश करण्याच्या पद्धतीला कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रस ऑक्साइडची जड नळकांडी लागत. पावसाळ्यात आलापल्लीच्या पुढे ती भरून आणणे म्हणजे काय हे त्या रस्त्याने गेलेल्याला सांगावे लागत नाही. बॅटरी मात्र खांद्यावरच्या पिशवीतून जाते.

महाराष्ट्रात या विषयावरचे काम जागतिक दर्जाचे झाले आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या चाचणीने २००९ मध्ये दाखवले की आयुष्यात एकदाच केलेल्या विषाणू-तपासणीने आणि त्यानंतरच्या उपचाराने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे होतात. मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मारकच्या गटाने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून ॲसेटिक आम्लाची तपासणी करवून हे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटवले. तो निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही ठिकाणी स्त्रिया शोधून, बोलावून, तपासून, डाग सापडल्यास उपचारापर्यंत नेल्या गेल्या. उपचाराचे साधन त्या साखळीतली शेवटची आणि सर्वांत सोपी कडी होती.

पहिली कडी किती अवघड, याचा दाखला गडचिरोलीतच आहे. डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जे मांडले, त्यात ९२ टक्के स्त्रियांत एक ना एक स्त्रीरोग आढळला, आणि त्यांच्यापैकी जेमतेम ८ टक्क्यांची पूर्वी कधी अशी तपासणी झालेली होती. अंगावर पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे ही दुखणी बाया अंगावर काढत होत्या, कारण दाखवायचे कोणाला आणि कसे, हेच ठरलेले नव्हते. ज्या पूर्वावस्थेत काहीच दुखत नाही तिच्यासाठी या बाया आपणहून येतील, अशी अपेक्षा त्यामुळे फोल आहे. आणि ही बोलणी माडियातून करणारी, गावातलीच बाई नसेल तर तेही होत नाही.

पैशाची बाजू पूर्वीइतकी बिकट राहिलेली नाही. आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी जन आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली त्यांत गडचिरोली होता. चंद्रपुरात २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तिथे टाटा ट्रस्टच्या सहभागातून कर्करोग रुग्णालयही उभे राहिले आहे, त्यामुळे आलापल्लीहून निघालेल्या रुग्णाला नागपूर किंवा मुंबई हेच दोन पर्याय उरत नाहीत. कामाची वाटणी त्यावरून ठरवता येते. यकृत, मूत्रपिंड किंवा फुप्फुसाच्या गाठीत सुई चालवणे मोठ्या केंद्रातच व्हावे, कारण वर्षाला मोजके उपचार करणाऱ्या हाताला ती कसोटी झेपत नाही. सहा महिन्यांच्या सोनोग्राफी आणि उपचारानंतरच्या तपासण्यांची तारीख पाळण्याचे काम हेमलकसा आणि तालुक्यांच्या रुग्णालयांकडे असावे. गर्भाशयमुखाचा डाग भाजणे मात्र उलट जंगलाच्या जवळ, शक्यतो तपासणीच्याच दिवशी व्हावे. ‘पुढच्या महिन्यात या’ म्हटले की पेरणी, तेंदू किंवा पूर यांपैकी काहीतरी आड येते. विषाणू-तपासणीचा नमुना स्त्रीला आता स्वतःच घेता येतो आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली आहे. ती नळी आशा कार्यकर्तीच्या पिशवीतून नदी ओलांडून प्रयोगशाळेत जाऊ शकते. अहवालात विषाणू आढळलेल्या थोड्याच स्त्रियांना तेवढे दवाखान्यापर्यंत यावे लागेल, आणि त्या दिवशी बॅटरी चार्ज केलेली असली पाहिजे.